डॅडारिओ क्रोम्स ४५–१००: फ्लॅटवाउंड तारा घेण्याआधी आपला उजवा हात तपासा

डॅडारिओच्या क्रोम्स मालिकेतला ईसीबी ८१ हा चार तारांचा सेट लाँग स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असलेल्या, बेस गिटारसाठी येतो. जाडी ४५, ६५, ८०, १००, म्हणजे सर्वांत पातळ जी (G) तार इंचाच्या ४५ हजारांश आणि सर्वांत जाड ई (E) तार १०० हजारांश; मधल्या दोन डी (D) आणि ए (A). राउंडवाउंड तारांच्या साध्या सेटपेक्षा किंमत जवळजवळ दुप्पट. तरीही बोटांनी वाजवणाऱ्याला, पिकने (छोट्या चपट्या पत्रीने) वाजवणाऱ्याला आणि फ्रेटलेसवाल्याला (ज्याच्या बेसवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, नसतात त्याला) हा सेट आम्ही बिनदिक्कत सुचवू. स्लॅपवर, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवण्यावर, ज्याचं पोट आहे त्याने मात्र घेऊ नये. या तारा सगळ्या शैलींना सारख्या पावत नाहीत, आणि त्या कुठे पावतात हे वाजवण्याच्या तंत्रावरूनच ठरतं. म्हणून हे परीक्षण आवाजाच्या विशेषणांनी न करता एकेका तंत्राने केलं आहे. पाहणी फेंडरच्या प्रिसिजन पद्धतीच्या बेसवर, म्हणजे दोन तुकड्यांचा एकच पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) असलेल्या बेसवर, धरली आहे.

आधी तारेची रचना समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. राउंडवाउंडमध्ये गाभ्याच्या तारेवर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे पृष्ठभागावर खाचा उरतात. फ्लॅटवाउंडमध्ये गोल तारेच्या जागी चपटी पट्टी गुंडाळतात. क्रोम्समध्ये ती स्टेनलेस स्टीलची असून वरून पॉलिश केलेली असते. हात फिरवला तर काच लागावी तशी गुळगुळीत. पट्टीचे वेढे एकमेकांना खेटून बसतात, तार कमी लवचिक होते आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक उंच स्वर, लवकर विरतात. मागे उरतो तो मूळ स्वर. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झ आणि जी तारेचा ९८ हर्ट्झ. बँडमध्ये बेसला जी जागा भरायची असते ती हीच.

फ्लॅटवाउंडमध्ये क्रोम्स सर्वांत उजळ आवाजाच्या समजल्या जातात. नव्या असताना त्यांचा आवाज बराच खणखणीत असतो, आणि 'जुना, मऊ, थपथपीत' आवाज हवा म्हणून घेणारा पहिल्या आठवड्यात निराश होतो. थांबा. रोज तास-दीड तास वाजवलं तर तीनेक आठवड्यांत तार बसते. त्याआधी मत बनवू नका.

आता बोटं. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने, अंगठा पिकअपवर टेकलेला, प्रत्येक फटक्यानंतर बोट शेजारच्या जाड तारेवर विसावणारं, हे बेसचं मूळ तंत्र. क्रोम्सवर ते सुधारतं, पण एक सवय मोडावी लागते. राउंडवाउंडवर बोटाच्या टोकाला खाच लागते आणि तार आपसूक पकडीत येते. इथे तार निसटते. नवशिका त्यावर उपाय म्हणून जोर वाढवतो. मग फटका फ्रेटवर आदळतो आणि स्वर चढा सुरू होऊन खाली येतो. खरा उपाय असा की बोटाचं टोक थोडं जास्त आत न्यायचं, तार पेराच्या मांसल भागाने दाबायची आणि शेजारच्या तारेच्या दिशेने सोडायची, वर खेचायची नाही. मेट्रोनोम ८० वर ठेवून एकाच तारेवर चौपट लयीत सोळा-सोळा स्वर वाजवा. दोन बोटांचा आवाज वेगळा ऐकू येत असेल तर मधलं बोट जास्त सरळ आहे, ते थोडं वाकवा. फ्लॅटवाउंडवर बोटाचा खरखराट झाकायला नसतो, त्यामुळे ही विषमता लख्ख ऐकू येते. सरावासाठी याहून प्रामाणिक तार नाही.

एकट्या तर्जनीने काय होतं याचं उत्तर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन याने देऊन ठेवलं आहे. मूळचा डबल बेसवाला (उभा धरून वाजवायचा मोठा बेस), १९६२ चं प्रिसिजन, ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड, उंच ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची), आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्या बोटाला 'हुक' असं नाव पडलं होतं. एका बोटाने वाजवल्यामुळे प्रत्येक स्वराचं वजन सारखं येतं, आणि पातळ तारेकडून जाड तारेकडे परत येताना तेच बोट ओढत नेता येतं. क्रोम्सवर ही ओढ फार सुंदर चालते, बोट अडकतच नाही. मात्र जेमर्सनचा आवाज हवा असेल तर क्रोम्स ही योग्य तार नव्हे. ती ला बेलाच्या ५२ ते ११० जाडीच्या सेटची गोष्ट आहे. त्यासाठी नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा रुंद कराव्या लागतात आणि डाव्या हाताची ताकदही वेगळी लागते.

फ्लॅटवाउंड म्हणजे संथ, जुन्या वळणाची वादनशैली हा समज मात्र चुकीचा आहे. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वापरतो. रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने त्याच्या नावाने ५० ते ११० जाडीचा सेट काढला आहे, आणि त्यावर तो घोडदौडीसारखी लय बोटांनी वाजवतो. ॲक्शन खाली असेल आणि बोट जोरात पडलं की तार फ्रेटवर वाजते, तिथून धातूचा खणका मिळतो. क्रोम्सवर हे करायचं असेल तर ॲम्पचे वरचे मिड, साधारण ८०० हर्ट्झ ते दीड किलोहर्ट्झ, थोडे उचला. ट्रेबलला हात लावू नका.

घोस्ट नोट, म्हणजे डाव्या हाताने तार नुसती झाकून वाजवलेला बिनस्वराचा ठोका, राउंडवाउंडवर 'चिक' असा येतो. क्रोम्सवर तो 'थप' असा येतो, जवळजवळ डग्ग्यावर झाकून मारलेल्या थापेसारखा. फंकमध्ये ज्यांची सगळी मजा त्या 'चिक'मध्ये आहे त्यांना चुकल्यासारखं होईल. डावा हात झाकताना किमान दोन बोटं तारेवर टेकवा. एकच बोट टेकलं तर, विशेषतः पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटच्या वर, नको असलेला हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श झाल्याने निघणारा घंटेसारखा उंच स्वर, निघतो.

डाव्या हाताबद्दल आणखी थोडं. याच कंपनीच्या त्याच जाडीच्या निकेल राउंडवाउंडपेक्षा क्रोम्सचा ताण थोडा जास्त जाणवतो. पहिल्या पाच फ्रेटमध्ये एका फ्रेटला एक बोट ही पद्धत हट्टाने चालवली तर करंगळीचा सांधा आणि मनगट दुखू लागतं. तिथे डबल बेसची पद्धत वापरा: तर्जनी, मधलं, आणि अनामिका-करंगळी जोडीने, तीन फ्रेटच्या टप्प्यात. पाचव्या फ्रेटनंतर पुन्हा चार बोटं. तार ओढून स्वर वर चढवणं इथे कष्टाचं आहे, व्हायब्रेटोही आडवा न देता तारेच्या दिशेने हलवून द्यावा. सरकणं मात्र अप्रतिम. सुळ्ळकन जाताना ती किंकाळी येत नाही, त्यामुळे माइकसमोर रेकॉर्डिंग करणाऱ्याची निम्मी डोकेदुखी संपते.

आमच्या मते क्रोम्सचं खरं घर तळव्याने दाबून वाजवण्यात आहे. करंगळीकडची तळव्याची कड ब्रिजच्या सॅडलवर (बॉडीकडे तार टेकते त्या तुकड्यावर) अर्धी आणि तारेवर अर्धी ठेवायची. ई आणि ए तारा अंगठ्याने, डी तर्जनीने, जी मधल्या बोटाने. तळवा पाच मिलिमीटर पुढे गेला की स्वर मरतो, पाच मिलिमीटर मागे आला की मोकळा होतो. या एका सेंटीमीटरमध्ये सगळा खेळ. डबल बेसच्या सर्वांत जवळ जाणारा आवाज इथे मिळतो. टाळण्याची चूक एकच: अंगठा नखाने लावू नका, पहिल्या पेराच्या बाजूच्या मांसाने लावा.

तळवा सतत ठेवणं जमत नसेल तर स्पंज. जुन्या प्रिसिजनच्या ब्रिजवरच्या झाकणाखाली फोम असायचा, तेच करायचं. मऊ स्पंजचा सुमारे ७० मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद तुकडा कापा. उंची अशी की तारेखाली सरकवताना तो किंचित दबेल, पण तार वर उचलली जाणार नाही. तो सॅडलला चिकटून बसवा. जाड स्पंज जोरात कोंबला तर तार वर ढकलली जाते, स्वर चढतो आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सूर, बिघडतं. ब्रिजपासून लांब ठेवला तर स्वराचा पत्ताच लागत नाही, नुसता ठोका उरतो. भांडी घासायच्या हिरव्या थराचा स्पंज असेल तर हिरवा थर काढून टाका, तो तारेला ओरखडे पाडतो.

महाराष्ट्रातल्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात आणि गोव्यातल्या तियात्राच्या बँडमध्ये ही जोडी, क्रोम्स आणि स्पंज, मनापासून वापरून पाहावी. ऑर्केस्ट्रात ढोलकीची धूम आणि तबल्याचा डग्गा बेसच्याच पट्ट्यात बोलतात. बेसचा स्वर लांबत राहिला की तालाचं वजन त्यात बुडतं, आणि मग मिक्सरवरचा माणूस बेसच कमी करतो. स्वर आखूड केला तर दोघांनाही जागा मिळते. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळातली गाणी उभी करताना प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो याइतकंच तो कुठे थांबतो तेही ऐका.

पिकसाठीही ही तार उत्तम आहे, हे ऐकून काही जणांना नवल वाटेल. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये बेसवादक कॅरल के पिकने, फ्लॅटवाउंडवर, तारांवर फेल्टचा तुकडा दाबून वाजवत. कडक सुरुवात आणि लगेच मिटणारा स्वर, त्यामुळे लहान रेडिओच्या स्पीकरवरही ओळ स्पष्ट ऐकू येई. पिक एक मिलिमीटरच्या आसपास, नायलॉनचं नको, कारण गुळगुळीत तारेवर मऊ पिक घसरतं. राउंडवाउंडवर पिक तिरकं धरलं की खर्रखर्र येते, म्हणून ते समांतर धरावं लागतं. क्रोम्सवर वीसेक अंश तिरकं धरलं तरी चालतं, आणि त्याने आवाज गोल होतो. वर-खाली अशा आलटून-पालटून फटक्यात वरचा फटका हलका पडत असेल तर मनगटाऐवजी कोपर हलत आहे असं समजा.

स्लॅपचं काय? अंगठा शेवटच्या फ्रेटच्या वर तारेवर आपटून उसळला की तार फ्रेटवर आदळते, आणि जी झळाळी येते ती तारेतल्या वरच्या स्वरांशांची. क्रोम्स नव्या असताना पहिले दोनतीन आठवडे काम भागतं. नंतर अंगठ्याचा ठोका 'ठप' होतो आणि पॉप, म्हणजे जी तार तर्जनीने खालून ओढून सोडणं, लाकडावर टिचकी मारल्यासारखा येतो. ताण जास्त असल्याने ओढायलाही जोर लागतो, लय मागे पडते. यावर बहुतेक जण ट्रेबल वाढवतात. तारेत नसलेलं ट्रेबल ॲम्पला देता येत नाही, फक्त सूं आवाज वाढतो. डबल थंबमध्ये, म्हणजे अंगठ्याने खाली-वर दोन्हीकडे वाजवताना, अंगठा तारेआरपार छान सरकतो, एवढीच काय ती जमेची बाजू. टॅपिंग (फ्रेटवर बोटं आपटून वाजवणं) आणि हार्मोनिकवर बेतलेल्या वादनाचीही गत हीच. असं वाजवणाऱ्याने १९६६ पासून चालत आलेल्या रोटोसाउंड स्विंग बेससारख्या स्टीलच्या राउंडवाउंड घ्याव्यात आणि पैसे वाचवावेत.

फ्रेटलेसवाल्याचा हिशेब वेगळा. राउंडवाउंडच्या खाचा रोझवुडच्या पट्टीवर कानस फिरवावी तशा फिरतात, वर्षभरात तारेखाली चर दिसू लागतात. फ्रेटलेसचा नामवंत वादक जॅको पास्टोरियस राउंडवाउंड वापरायचा, पण त्याने पट्टीवर इपॉक्सीचा कडक थर दिला होता. ज्यांची पट्टी उघड्या लाकडाची आहे त्यांनी क्रोम्सच लावाव्यात. फ्रेटलेसचा तो गुणगुणता, 'म्वाँ' असा आवाज फ्लॅटवाउंडवर कमी होतो, पण क्रोम्स उजळ असल्यामुळे बऱ्यापैकी टिकतो. त्यासाठी ॲक्शन खाली आणि नेक (बेसची मान) जवळजवळ सरळ हवी. मींड तर या तारेवर अशी जाते की फ्रेट लावलेल्या बेसकडे परत यावंसं वाटत नाही.

आता तार चढवणं. सेट महाग आहे आणि बहुतेक तक्रारी इथल्या चुकांतून जन्मतात, म्हणून घाई करू नका. तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या तर नेकवरचा ताण जातो आणि ती मागे वाकते. नवी तार ब्रिजमधून ओवून खुंटीपर्यंत सरळ ताणून धरा आणि खुंटीच्या पुढे सुमारे दहा ते बारा सेंटीमीटर जास्त सोडा. जिथे कापायची तिथून थोडं आधी पकडीने तारेला काटकोनात घडी घाला, मगच घडीच्या पलीकडे कापा. घडी न घालता कापली तर वरची पट्टी गाभ्यावर सैल होऊन फिरते. तार दिसायला चांगली राहते, पण तिचा स्वर मेलेला असतो आणि तो पुन्हा जिवंत होत नाही. ही चूक सर्वांत जास्त होते.

टोक खुंटीच्या मधल्या भोकात सरळ खाली घाला, वेढे वरून खाली उतरत जाऊ द्या. ई तारेला दोन वेढे पुरे, जी तारेला तीन. गुंडाळताना तारेला पीळ पडू देऊ नका, ब्रिजकडचं टोक मोकळं फिरू द्या. पीळ बसलेली फ्लॅटवाउंड थरथरते आणि बाराव्या फ्रेटवर कधीच सुरात येत नाही. स्वर लावल्यावर सॅडलच्या आणि नटच्या लगेच पुढे तार अंगठ्याने हलकी दाबा, म्हणजे ती तिथे कमानीसारखी उभी न राहता सरळ निघेल. बॉडीच्या मागून तारा ओवण्याची सोय असलेल्या बेसवर क्रोम्स ब्रिजमधूनच ओवा. मागून ओवल्यावर जी तीव्र घडी पडते ती चपट्या पट्टीला सोसत नाही.

एक दिवस जाऊ द्या, मग सेटअप. ताण वाढल्याने नेक पुढे वाकलेली असते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट पाहा. साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (पट्टीच्या गोलाईच्या) नेकला फेंडर ०.०१२ इंच, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर सांगतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. एकदम अर्धा फेरा नको. त्यानंतर ॲक्शन, सतराव्या फ्रेटवर: ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर, जी तारेखाली २. इंटोनेशन सर्वांत शेवटी, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर मीटरवर जुळवून. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्या.

या सेटचा एक दोष कंपनीच्या पदरात घालावाच लागेल. नवा असताना जी (G) तार बाकीच्यांपेक्षा पुढे येऊन बोलते, नाकातून बोलल्यासारखी. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे वेगळे असतात, म्हणून डी-जी कडचा तुकडा अर्धा फेरा खाली घ्या. तेवढ्याने भागतं. फेंडरच्याच जॅझ बेसवर पिकअप तिरका करावा लागतो, म्हणजे जी कडची बाजू थोडी खाली.

मुंबईत आणि कोकणपट्टीत या तारांचा आणखी एक फायदा आहे. घाम आणि दमट हवा राउंडवाउंडच्या खाचांत मुरते आणि दीड-दोन महिन्यांत तार बहिरी होते. क्रोम्सला बाहेर खाचा नाहीत आणि वरचं वेष्टन स्टेनलेस आहे. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने वरून-खालून पुसल्या तर त्या वर्षानुवर्षं चालतात, आणि तेव्हा दुप्पट किंमत स्वस्त वाटू लागते. राउंडवाउंड पाण्यात उकळून उजळवण्याची युक्ती इथे करू नका, फायदा होत नाही. बदलायची वेळ आली हे आवाजाच्या मंदपणावरून ठरवू नका, तो तर हवाच आहे. बाराव्या फ्रेटवर सूर जुळेनासा झाला की बदला. जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर मात्र नेकची फट मोजून घ्या, हवेतला ओलावा बदलला की ती हलते.

घेताना पाकिटावरचा क्रमांक नीट वाचा. हलका हात असेल तर ईसीबी ८०, म्हणजे ४० ते ९५. ई तार डी पर्यंत उतरवून वाजवणार असाल तर ईसीबी ८२, ५० ते १०५. पाच तारांच्या बेसला ईसीबी ८१-५, बी तार १३२ ची. ३० इंची शॉर्ट स्केल बेसला लाँग स्केलचा सेट कापून लावू नका, जाड भाग खुंटीवर येतो, नीट वळत नाही आणि तिथेच तुटतो. ताण नकोच असेल तर थोमास्टिक कंपनीच्या निकेल फ्लॅटवाउंड, ४३ ते १००, खूप मऊ आहेत, पण त्या आणखी महाग आहेत आणि जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली लडबडतात. आणि काढलेल्या राउंडवाउंड तारा फेकू नका, पाकिटात गुंडाळून ठेवा. तीन आठवड्यांनी मन बदललंच तर त्या लागतील.